'चंदू चॅम्पियन'नंतर काय बघायचं?

इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. त्यांच्या आयुष्याला तीन खेळांनी तीन वळणं दिली. लहानपणी कुस्ती, सैन्यात गेल्यावर बॉक्सिंग आणि १९६५च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झाल्यावर पोहणं. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं आणि पडद्यावर यायला २०२४. त्या वर्षी १४ जूनला कबीर खान यांचा 'चंदू चॅम्पियन' लागला. कार्तिक आर्यन पेटकर झाला आणि विजय राज त्याचा बॉक्सिंगचा प्रशिक्षक.

या सिनेमावर बोलणाऱ्यांचा पहिला वाद ठरलेला असतो: हा बॉक्सिंगचा पिक्चर म्हणायचा का? नायक हातमोजे चढवतो, रिंगमध्ये जीव तोडून लढतो, टोकियोपर्यंत जातो. पण गोळी लागते तिथे बॉक्सिंग संपतं आणि पुढचा सिनेमा रुग्णालयात नि तलावात घडतो. दुसरा प्रश्न त्याला लागूनच येतो: हा आवडला, आता पुढे काय बघू? त्यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे 'रॉकी'. उत्तर चुकीचं नाही, पण आळशी आहे. बॉक्सिंगचे सिनेमे शेकड्यांनी आहेत आणि त्यांच्यात हातमोज्यांखेरीज सारखं काही असेलच असं नाही. एखादा सिनेमा वस्तादाचा असतो, एखादा जातीचा, एखादा म्हातारपणाचा. म्हणून पुढचा सिनेमा निवडताना आधीच्या सिनेमातलं नेमकं काय मनात राहिलं ते आधी धरावं. या प्रकरणात तेच करायचं आहे. सुरुवात मात्र थोडी मागून करावी लागेल, कारण सातारा-सांगलीचा प्रेक्षक बॉक्सिंगकडे बघतो तो कुस्तीवर तयार झालेल्या नजरेने.

मुलूख कुस्तीचा

कराडला लागून असलेल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जाण्यासाठी पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा परतले तेव्हा कराड स्टेशनपासून निघालेल्या मिरवणुकीत शंभरावर बैलगाड्या होत्या. 'चंदू चॅम्पियन'मधल्या लहानग्या मुरलीच्या डोक्यात ऑलिम्पिकचं वेड शिरतं ते खाशाबांचं हेच स्वागत बघून.

सांगली जिल्हाही मागे नव्हता. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कवठे पिरानचे मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य घेतलं. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. दोघेही हिंदकेसरी. कुंडलच्या कुस्ती-मैदानाला आजही लांबलांबून माणसं येतात.

बॉक्सिंग या मुलखात आलं ते प्रामुख्याने सैन्याच्या वाटेने. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा गावांमधून पलटणीत गेलेल्या पोरांनी रिंग पाहिली ती छावणीत. पेटकरही त्याच वाटेने गेले. मातीत घडलेलं शरीर सैन्याने घेतलं आणि त्याला हातमोजे दिले.

सिनेमा मात्र कुस्तीच्या बरोबरीनेच या भागात रुजला. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत दिवसा कुस्त्यांचा फड लागायचा आणि अंधार पडला की तंबूतल्या टॉकीजचा भोंगा ओरडायचा. एकाच यात्रेत, एकाच गर्दीने दोन्ही पाहिलं. मग पडद्यावर कुस्ती इतकी कमी आणि बॉक्सिंग इतकं जास्त का? याचं उत्तर सिनेमाच्या जन्मापाशी सापडतं.

रिळाच्या मापाची फेरी

१४ जून १८९४. 'चंदू चॅम्पियन' लागण्याच्या बरोबर १३० वर्षं आधीची तारीख. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनच्या काळ्या छपराच्या स्टुडिओत माइक लिओनार्ड आणि जॅक कुशिंग या दोघांची लढत कॅमेऱ्यासमोर खेळवण्यात आली. त्या वेळच्या यंत्रात जेमतेम एक मिनिटाची फिल्म मावायची. मग काय, फेरीच एका मिनिटाची केली! अशा सहा फेऱ्या सहा वेगवेगळ्या पेट्यांत ठेवल्या. प्रेक्षकाने एकेका पेटीत डोळा लावून एकेक फेरी बघायची आणि प्रत्येक वेळी पैसे मोजायचे. कॅमेरा खेळाला जुळवून घेण्याआधी खेळानेच कॅमेऱ्याला जुळवून घेतलं.

लांब लढत सलग दाखवायची तर फिल्म लांब हवी, आणि लांब फिल्म यंत्राच्या ओढीने तुटायची. वुडविल लेथम आणि त्यांचे मुलगे बॉक्सिंगच्या फिल्मांच्याच धंद्यात होते. त्यांच्या यंत्रात फिल्मला थोडी ढील देऊन एक वळसा ठेवण्याची युक्ती निघाली. ओढ त्या वळशावर जाते आणि फिल्म शाबूत राहते. 'लेथम लूप' नावाचा हा वळसा पुढे जगातल्या जवळपास प्रत्येक प्रोजेक्टरमध्ये गेला. यात्रेतल्या तंबूत रीळ चढवणारा ऑपरेटर फिल्मला जो लूप द्यायचा, तो मुळात मुष्टियुद्ध दाखवण्याच्या गरजेतून आलेला होता.

१७ मार्च १८९७ला नेवाडातल्या कार्सन सिटीत जेम्स कॉर्बेट आणि बॉब फिट्झसिमन्स यांची जगज्जेतेपदाची लढत चौदाव्या फेरीत संपली. तिची फिल्म शंभर मिनिटांहून मोठी होती. दीड तासाच्या पुढे जाणारी जगातली पहिली फिल्म म्हणून तिचं नाव घेतलं जातं. म्हणजे पूर्ण लांबीच्या सिनेमाची सुरुवातच रिंगमधून झाली.

पडद्यावरच्या या लढतींची ताकद किती, तेही लवकरच दिसलं. ४ जुलै १९१०ला जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय जगज्जेत्याने निवृत्तीतून परत आणलेल्या गोऱ्या जिम जेफ्रीजला हरवलं. त्या लढतीच्या फिल्मवर अमेरिकेतल्या अनेक शहरांनी बंदी घातली. १९१२ साली तर मुष्टियुद्धाच्या फिल्मा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याविरुद्ध कायदाच झाला आणि तो १९४०पर्यंत टिकला. गोरा माणूस मार खाताना लाखो लोकांनी बघावा, हे अनेकांना सोसणारं नव्हतं.

बॉक्सिंग कॅमेऱ्याला इतकं मानवण्यामागे खेळाची रचनाही आहे. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबरी नियमांनी हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि मधे एक मिनिटाची विश्रांती ठरवून दिली. पटकथाकाराला आणखी काय पाहिजे? दर तीन मिनिटांनी घंटा होते. एक मिनिट दोघे आपापल्या कोपऱ्यात बसतात, गुरू कानाशी लागतो, जखमेवर बर्फ येतो, गर्दीत बसलेल्या बायकोचा चेहरा दाखवता येतो. लढणारे दोघे उभे असतात, एकमेकांपासून हातभर लांब असतात, चेहरे उघडे असतात. कोणी कोणाला मारलं हे खेळ न कळणाऱ्यालाही कळतं.

आता मैदानातली निकाली कुस्ती आठवा. दोन अंगं एकमेकांत अडकलेली, चेहरे कधी काखेत तर कधी मातीत. पंधरा मिनिटं वरवर काहीच घडत नाही, पण जाणकाराला दिसतं की खालच्याने मनगट सोडवून घेतलं आहे आणि वरच्याचा दम संपत आला आहे. मग डोळ्याचं पातं लवायच्या आत घिस्सा बसतो आणि खालचा चितपट. यात घंटा नाही, कोपरा नाही, मधली विश्रांती नाही. ज्याला डाव कळतो त्याच्यासाठी हा सगळ्यात मोठा थरार. ज्याला कळत नाही त्याला फक्त माती उडताना दिसते. कुस्तीच्या मुलखातल्या पेटकरांवर सिनेमा आला आणि त्याच्या लढती हातमोजे घालून रंगल्या, त्याचं एक कारण हे आहे.

खरं किती, खोटं किती

मैदानाला बसणाऱ्या माणसाला चढाई खरी की दिखाऊ हे पटकन कळतं. तीच नजर पडद्यावर वापरली तर बॉक्सिंगचे सिनेमे दुप्पट मजा देतात. त्यासाठी तीन गोष्टी बघाव्यात.

पहिली, पाय. ठोसा हातातून निघतो असं वाटतं, पण तो येतो जमिनीतून, पाय आणि कंबर फिरवून. ज्या नटाला पाय टाकता येत नाहीत त्याचे पाय दिग्दर्शक दाखवतच नाही. सगळी लढत छातीच्या वरून चित्रित होते. पायांसकट पूर्ण माणूस बराच वेळ दिसत राहिला, तर समजावं की नटाने घाम गाळला आहे. 'साला खडूस'मधली रितिका सिंग मुळात लढणारी खेळाडू, किकबॉक्सिंग करून आलेली. तिला उभं राहताना बघितलं की फरक कळतो. 'मुक्काबाज'साठी विनीत कुमार सिंगनेही खऱ्या बॉक्सरांबरोबर दीर्घ सराव केला होता.

दुसरी, कात्री. ठोसा सुटतो, दृश्य तुटतं, चेहरा हलतो, पुन्हा तुटतं. असे तुकडे जितके जास्त, तितकी लबाडी सोपी. म्हणून रायन कूगलर यांच्या 'क्रीड'मधली (२०१५) दोन फेऱ्यांची लढत चाहते पुन्हा पुन्हा लावून बघतात: कॅमेरा रिंगमध्ये शिरतो, दोघांभोवती फिरतो, आणि लढत संपेपर्यंत एकदाही दृश्य तुटत नाही. याची परंपरा जुनी आहे. १९४७च्या 'बॉडी अँड सोल'मध्ये छायालेखक जेम्स वाँग हाव हातात कॅमेरा घेऊन, पायात चाकांचे बूट घालून रिंगभर सरकत होते. डेव्हिड ओ. रसेल यांच्या 'द फायटर'ने (२०१०) उलटी वाट धरली. लढती टीव्हीवरच्या प्रक्षेपणासारख्या दिसाव्यात म्हणून टीव्हीचेच कॅमेरे आणि ते चालवणारी माणसं आणली.

तिसरी, आवाज. खऱ्या ठोशाचा आवाज बऱ्याचदा बसका असतो. पडद्यावरचा फटाका नंतर भरलेला असतो. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या 'रेजिंग बुल'मध्ये (१९८०) या आवाजांत जनावरांचे आवाजही मिसळले आहेत. हेडफोन लावून बघितला तर अंगावर येतो.

'रॉकी'ची (१९७६) गंमत निराळी. २८ दिवसांत, दहा लाख डॉलरच्या आसपास खर्चात उरकलेला हा सिनेमा. शेवटची पंधरा फेऱ्यांची लढत उलट्या क्रमाने चित्रित झाली. सुजलेल्या चेहऱ्याची रंगभूषा आधी पूर्ण चढवली आणि मग फेरी-फेरीने उतरवत नेली. फिलाडेल्फियातल्या कलासंग्रहालयाच्या ७२ पायऱ्या चढणारा रॉकी इतका सुरळीत दिसतो, कारण गॅरेट ब्राउन यांचं स्टेडीकॅम हे नवं यंत्र तिथे होतं. कॅमेरा माणसाच्या अंगाला बांधायचा, पण धक्के त्याच्यापर्यंत पोहोचू द्यायचे नाहीत.

खोटेपणा फक्त ठोशांत असतो असंही नाही, तो निकालातही असतो. नीतेश तिवारींच्या 'दंगल'मध्ये (२०१६) गीता फोगटची राष्ट्रकुल स्पर्धेतली अंतिम कुस्ती शेवटच्या क्षणापर्यंत ताणली आहे आणि बाप कुठेतरी कोंडला गेला आहे. प्रत्यक्षात २०१०च्या दिल्लीतल्या त्या लढतीत गीताने ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला १-०, ७-० असं सहज हरवलं होतं, आणि वडील कुठे कोंडलेले नव्हते. कुस्ती एकतर्फी झाली की मैदानात टाळ्या पडतात. पडद्यावर एकतर्फी विजय चालत नाही. चरित्रपट बघताना हा हिशोब डोक्यात असू द्यावा. 'चंदू चॅम्पियन'लाही तो लागू आहे.

'रॉकी' की 'रेजिंग बुल'?

चाहत्यांतला हा वाद चाळीस वर्षांहून जुना आहे. दोन्ही सिनेमांत नायक बॉक्सर असतो, एवढंच साम्य.

२४ मार्च १९७५ला चक वेपनर नावाचा फारसा नावाजलेला नसलेला बॉक्सर मुहम्मद अलीसमोर पंधराव्या फेरीपर्यंत टिकला. ते बघून सिल्व्हेस्टर स्टॅलोनने 'रॉकी' लिहिला. अनेकांच्या आठवणीत रॉकी शेवटी जिंकतो. तो जिंकत नाही. पंचांच्या निर्णयावर तो हरतो. त्याला सिद्ध करायचं असतं एवढंच की, आपण शेवटच्या घंटेपर्यंत उभे राहू शकतो. मैदानाच्या भाषेत, नावाजलेल्या मल्लाबरोबर कुस्ती बरोबरीत सोडवणाऱ्या नवख्या पोराला जी शाबासकी मिळते, ती रॉकीला मिळते. या सिनेमाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नेलं.

'रेजिंग बुल' जेक लामोटा या खऱ्या जगज्जेत्यावर आहे. शुगर रे रॉबिन्सनशी तो सहा वेळा लढला आणि एकदाच जिंकला. सिनेमा कृष्णधवल आहे आणि त्यात लढती थोड्याच आहेत. उरलेला वेळ हा माणूस भावाला, बायकोला आणि स्वतःला उद्ध्वस्त करत असतो. उतारवयातल्या लामोटासाठी रॉबर्ट डी निरोने जवळजवळ २७ किलो वजन वाढवलं आणि त्यासाठी चित्रीकरण थांबवून ठेवलं होतं. संकलक थेल्मा स्कूनमेकर यांना आणि डी निरोला या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं.

वादाचा निकाल लावायचाच तर असा लावता येईल. 'रॉकी' रिंगमध्ये जाण्याआधीच्या माणसाचा सिनेमा आहे, 'रेजिंग बुल' रिंगने घडवलेल्या माणसाचा. पोरांना आधी पहिला दाखवावा. दुसरा बघायला थोडं वय आणि थोडे पराभव गाठीशी असलेले बरे.

नुरा आणि वस्ताद

कुस्तीच्या मुलखात दोन गोष्टी कोणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत: नुरा आणि वस्ताद. बॉक्सिंगच्या निम्म्या सिनेमांचा जीव या दोहोंत आहे.

आधीच ठरवून लावलेली कुस्ती म्हणजे नुरा. तशी शंका जरी आली तरी मैदान खवळतं. रॉबर्ट वाइज यांचा 'द सेट-अप' (१९४९) याच शंकेवर उभा आहे. उतारवयाला लागलेल्या बॉक्सरच्या मॅनेजरने त्याच्या हरण्याचे पैसे आधीच घेतलेत आणि त्याला ते सांगितलेलंही नाही, कारण तो हरणारच याची त्याला खात्री आहे. सिनेमा ७२ मिनिटांचा आणि गोष्टीतला वेळही तेवढाच. घड्याळ लावून बघता येतो. आपल्याकडे 'गुलाम'मध्ये (१९९८) आमीर खानचा बॉक्सर असाच एका हरलेल्या लढतीचं ओझं घेऊन फिरतो. ती गोष्ट 'ऑन द वॉटरफ्रंट' या १९५४च्या अमेरिकन सिनेमावरून आली.

वस्तादाचे सिनेमे तर कितीतरी. क्लिंट ईस्टवूड यांच्या 'मिलियन डॉलर बेबी'तला (२००४) म्हातारा प्रशिक्षक मुलींना शिकवायचंच नाही म्हणून अडून बसलेला असतो. सुधा कोंगरा यांच्या 'साला खडूस'मध्ये (२०१६) आर. माधवनचा प्रशिक्षक कोळ्यांच्या वस्तीतून मुलगी हेरतो. राकेश ओमप्रकाश मेहरा यांच्या 'तूफान'मध्ये (२०२१) डोंगरीचा अज्जू शिकायला जातो तो नाना प्रभू या मराठी प्रशिक्षकाकडे. धर्माची भिंत आडवी येते तेव्हा वस्तादाची परीक्षा सुरू होते. सिनेमा मधे लांबतो, पण परेश रावल यांचा नाना प्रभू लक्षात राहतो.

या सगळ्यांत सातारा-सांगलीच्या माणसाला सर्वांत जवळचा वाटेल तो मात्र तमिळ सिनेमा आहे. पा. रंजित यांचा 'सरपट्टा परंबरै' (२०२१). काळ १९७०च्या दशकाचा, ठिकाण उत्तर मद्रास. गोदी आणि गिरण्यांतल्या कामगारांच्या वस्तीत ब्रिटिशांकडून आलेलं बॉक्सिंग रुजलेलं. सरपट्टा आणि इडियप्पा अशी दोन घराणी. प्रत्येकाचे मल्ल, प्रत्येकाचे चाहते, पिढ्यान् पिढ्यांची इरेसरी. पशुपतीने केलेला रंगन वात्यार म्हणजे आपल्याकडचा वस्तादच. तो आपल्या पठ्ठ्याला लढायला पाठवतो त्याआधी सगळी वस्ती श्वास रोखून बसते. लंगोटाच्या जागी हातमोजे घातले एवढाच काय तो फरक. आणि मग आणीबाणी येते, तालमीचं राजकारण गावाच्या राजकारणात मिसळतं. खेळाडूची जात कोणती हा प्रश्न रंजित दबक्या आवाजात विचारत नाहीत. हिंदीत तोच प्रश्न अनुराग कश्यप यांच्या 'मुक्काबाज'ने (२०१८) बरेलीत नेऊन विचारला. तिथे नायकाला ठोसे कमी आणि संघटनेवर बसलेला माणूस जास्त नडतो.

मग पुढे काय?

'चंदू चॅम्पियन'मधलं तुमच्या मनात काय राहिलं, त्यावर ठरवा.

खाशाबांची मिरवणूक आणि आखाड्यातला पोर आठवत असेल तर 'सरपट्टा परंबरै'ने सुरुवात करा. मग 'दंगल', आणि सुजय डहाके यांचा मराठी 'केसरी' (२०२०), जो कुस्तीच्याच मातीतला आहे.

छावणीतलं प्रशिक्षण, शिव्या घालून जीव लावणारा गुरू हे आवडलं असेल तर 'साला खडूस', 'क्रीड' आणि 'मिलियन डॉलर बेबी'. शेवटच्या सिनेमाचा शेवट कोणाकडून ऐकू नका. पाठीच्या कण्याची दुखापत झालेल्या माणसाने पुढे जगायचं कसं, या प्रश्नाला पेटकरांच्या आयुष्याने एक उत्तर दिलं. हा सिनेमा अगदी वेगळ्या टोकाला जातो. दोन्ही लागोपाठ बघितले तर दोन्ही जास्त कळतात.

गोळ्या लागल्यानंतरचा पेटकर आवडला असेल तर 'ब्लीड फॉर धिस' (२०१६). विनी पॅझिएन्झा या बॉक्सरची १९९१ साली मोटार अपघातात मान मोडली. डॉक्टर म्हणाले, चालता येईल की नाही सांगता येत नाही. तेरा महिन्यांनी तो रिंगमध्ये परतला. त्याच्या जोडीला 'सिंड्रेला मॅन' (२००५): मंदीच्या काळात गोदीवर हमाली करणारा, सरकारी मदतीवर घर चालवणारा जेम्स ब्रॅडॉक १९३५ साली मॅक्स बेअरला हरवून जगज्जेता झाला.

पदक मिळूनही सरकारदरबारी विसरला गेलेला म्हातारा मनात घर करून राहिला असेल, तर जॉन ह्यूस्टन यांचा 'फॅट सिटी' (१९७२) बघा. यात मोठी लढत नाही, मोठा विजय नाही. लहान शहरात, शेतमजुरी करत, पुन्हा एकदा रिंगमध्ये उतरू अशा आशेवर जगणारी माणसं आहेत. ताकेशी कितानो यांचा जपानी 'किड्स रिटर्न' (१९९६) याच जातकुळीचा. शाळेतली दोन उडाणटप्पू पोरं, त्यातला एक बॉक्सर होतो.

बायकांची बाजू बघायची असेल तर 'मेरी कोम' (२०१४). प्रियांका चोप्राला मणिपुरी दाखवण्यावर बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती. पण बाळंतपणानंतर सरावाला परतलेल्या खेळाडूची गोष्ट हिंदीत तोवर कोणी अशी मध्यभागी ठेवली नव्हती.

आणि नटांचा कंटाळा आला असेल तर लिओन गॅस्ट यांचा 'व्हेन वी वेअर किंग्ज'. ३० ऑक्टोबर १९७४ला किन्शासात मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांची लढत झाली. तिचा हा माहितीपट पैशांच्या भानगडींमुळे थेट १९९६ साली बाहेर आला आणि त्याने ऑस्कर मिळवलं. फोरमन तरुण, दणकट, ठोशाला घणासारखा. अली दोरांना टेकून राहिला, मार अंगावर घेत राहिला, फोरमनला दमवत राहिला आणि आठव्या फेरीत त्याला खाली पाडलं. खालून दम राखत वरच्याला थकवणाऱ्या जुन्या मल्लांना ज्याने पाहिलंय, त्याला या डावाचं स्पष्टीकरण द्यावं लागणार नाही.

मातीचा सिनेमा

नागराज मंजुळे यांनी खाशाबा जाधवांवर 'खाशाबा' हा चित्रपट जाहीर केला, तेव्हा कराडकरांना आनंद होणं साहजिकच होतं. हेलसिंकीच्या पदकानंतर सत्तर वर्षं उलटून गेली होती. खाशाबा पुढे पोलीस खात्यात लागले, १९८४ साली अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. गोष्टीत कशाचीच कमतरता नव्हती. गहाण पडलेलं घर आहे, वर्गणी देणारं गाव आहे. जपानच्या शोहाची इशीशी झालेली थकवणारी कुस्ती आहे आणि ती संपल्यावर पुरेशी विश्रांती न देता लगेच रशीद मामेदबेकोव्हसमोर उभं केल्याची, बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी जवळ नसल्याची हकीकत आहे.

अडचण निराळी आहे. बॉक्सिंगच्या सिनेमामागे एडिसनच्या स्टुडिओपासून आजवरचा १३० वर्षांचा सराव उभा आहे. कॅमेरा कुठे ठेवायचा, कधी तोडायचं, कोणता आवाज भरायचा, सगळं कोणीतरी कधीतरी करून पाहिलं आहे. 'चंदू चॅम्पियन'चा नायक रिंगमध्ये उतरतो तेव्हा ही सगळी शिदोरी दिग्दर्शकाच्या हाताशी तयार असते. कुस्तीसाठी तशी शिदोरी नाही. 'दंगल'ने आणि 'सुलतान'ने (२०१६) कुस्ती दाखवली ती बरीचशी बॉक्सिंगच्या व्याकरणात: गुणफलक, मधली विश्रांती, कोपऱ्यातला प्रशिक्षक, शेवटच्या सेकंदातला डाव. गादीवरच्या कुस्तीला ते चालून जातं.

मैदानातल्या कुस्तीचा थरार त्या साच्यात मावत नाही. ती पकडायची तर कॅमेरा जमिनीलगत आणावा लागेल, बोटांवरच्या पकडीवर आणि मानेवरच्या दाबावर थांबावं लागेल, हलगीचा ठेका कुठे वाढतो आणि कुठे तुटतो हे ऐकावं लागेल. सगळ्यात मोठं म्हणजे, पंधरा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटत असताना काय काय घडतंय, हे डाव न कळणाऱ्या प्रेक्षकालाही दाखवून द्यावं लागेल. 'रेजिंग बुल'ने बॉक्सिंगसाठी जे केलं ते कुस्तीसाठी अजून कोणी केलेलं नाही. ज्या दोन जिल्ह्यांनी खाशाबा, माने आणि आंदळकर दिले, त्यांनी पुढचा सिनेमा मागताना एवढी मागणी करायला हरकत नाही.